पंखा बंद, कॉफीचा फोटो आहे

न्हाई हो, लाइट गेली न्हाई… मीच बंद केली! गिरणी मीच बंद केली, भरदिवसा, साडेदहा वाजता, सात डबे नंबरात असताना. काहून केली? सांगतो ना, डबा तर ठेवा आधी. आठवा नंबर तुमचा. ज्वारी आहे ना? बराबर. बसा त्या पोत्यावर. झुंबरबाई, तुम्ही जरा सरका, त्यांना बसू द्या. आन् तुम्हाला सांगतो, पंखा अजून चालू आहे तोवर हवा खाऊन घ्या, कारण आता दहा-पंधरा मिनिटांत आतून आवाज येणार… "पप्पा, पंखा बंद करा, फोटो काढायचाय!"

कोणाचा फोटो? पोरीला पाहायला पाहुणे आले का? न्हाई. आधार कार्डाचा? न्हाई. कॉफीचा! आन् कपातल्या कॉफीचा बी न्हाई, नीट ऐका, कपाचा फोटो तर आजकाल कोणीबी काढतंय… दळलेल्या कॉफीचा. भुकटीचा. चिमूटभर भुकटी पांढऱ्या कागदावर टाकायची आन् तिचा फोटो काढायचा. तीस वर्षं मी या जुन्या जालन्यात दळून राह्यलो, गहू दळले, बाजरी दळली, हरभऱ्याची डाळ दळली, आजपर्यंत एका माणसानं पिठाचा फोटो मागितला न्हाई. लोकं पीठ नेती, भाकरी करती, खाती, संपलं!

आमची प्रियदर्शनी, एकुलती एक, परभणीला फूड टेक्नॉलॉजी शिकली. मला वाटलं, आता येऊन सांगणार की पप्पा, गिरणीला हे नवीन यंत्र लावा, ते लावा. आली आन् म्हणली काय? "पप्पा, तुमची रिकाम्या पोत्यांची खोली मला द्या, कॉफीचं दुकान टाकते." इथं! इकडून भुसार मालाची दुकानं, तिकडून कापडाची, मधून ऑटो, लोकं उभ्या उभ्या चहा मारून जाती, इथं कोण पिणार बिनदुधाची, बिनसाखरेची काळी कॉफी? पण आली की लोकं. कापड दुकानातली पोरं आली, कॉलेजच्या पोरी आल्या, दोन वकील आले. आमच्या मंडळीनं, वंदनानं, पहिला कप पिला आन् म्हणली, "काढ्यासारखीच आहे, पण सर्दी न्हाई तरी प्यावी वाटती." याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट आमच्या घरात आजवर कोणालाच भेटलं न्हाई.

तर तो फोटो. तुम्हाला वाटत असंल, मोबाईल काढला, टक केलं, झालं. कुठलं हो! आधी पांढरा कागद. त्याच्यावर चिमूटभर कॉफी. मंग लहान लेकरांच्या चित्रकलेचा बारीक ब्रश घेऊन एक-एक दाणा अलग करायचा… दाण्याला दाणा चिकटला न्हाई पाहिजे! पाऊण घंटा ती तेच करती, मान खाली घालून, श्वास रोखून. मंग मोबाईल वर टांगायचा, दोन्ही बाजूंनी माझे पिठाचे डबे एकावर एक रचून. सावली पडली न्हाई पाहिजे. कागद हलला न्हाई पाहिजे, म्हणून गिरणी बंद, कारण गिरणीनं भिंत हलती. कॉफी उडाली न्हाई पाहिजे, म्हणून पंखा बंद. आन् खोलीत जो कोणी असंल त्याचा श्वास बंद! बेचाळीस डिग्रीत! आपण कपाळावरचा घाम पुसावा तर, "पप्पा, हलू नका, हवा लागती." अहो, हवा लागावी म्हणून तर माणूस हलतो!

एकदा या झुंबरबाईला शिंक आली. आता बाजूला मिरची कांडप आहे, त्यात बाईची काय चूक? पण पाऊण घंट्याची मेहनत एका शिंकेत समोरच्या भिंतीवर. हसू नका झुंबरबाई, त्या दिवशी तुम्ही हसल्या नव्हत्या, डबा सोडून पळाल्या होत्या.

आन् हे सगळं कशासाठी? तर मोबाईल त्या फोटोतले दाणे मोजतो. "पप्पा, तीन हजार दोनशे अकरा दाणे." मी म्हणलं, बाई, एवढी तर आपल्या गल्लीत माणसं न्हाईत. तर म्हणती, नुसते मोजत न्हाई, प्रत्येक दाणा केवढा ते सांगतो. मायक्रॉनमध्ये. म्हणजे मिलिमीटरचे हजार तुकडे करायचे, त्यातला एक. तिला पाहिजेत साडेसातशे. कमी झाले की बारीक, कॉफी कडू. जास्त झाले की जाड, कॉफी पांचट. आता मोबाईलला कसं कळणार दाणा केवढा? जवळून काढला तर खडा दिसंल, लांबून काढला तर धूळ. म्हणून बाजूला एक रुपया ठेवायचा. तिनं रुपया काट्याच्या मोजपट्टीनं मोजला, केवढा आहे ते मोबाईलला सांगून ठेवलं, आता त्या रुपयावरून मोबाईल दाणे मोजतो. ध्यानात आलं? रुपया ध्यानात ठेवा. रुपयाचं काम पुढं आहे.

मी तिला म्हणलं, पोरी, हे कशाला? हा अंगठा पाहा. पीठ या अंगठ्यावर घेतलं, बोट फिरवलं, की मी सांगतो हे भाकरीचं, हे पुरणपोळीचं, हे लाडवाचं. भगवतीदेवी, ती कापडवाल्या सुरजमलजींची मंडळी, तीस वर्षांपासून बाजरी दळायला येती. बाजरी जरा मोठी, गहू मैद्यासारखे, बेसन दोन प्रकारचं. एकदा तरी डबा परत आला का? कॉफीबी मी बघितली. पहिल्याच दिवशी. लापशीच्या रव्याहून बारीक, उपम्याच्या रव्याहून जाड. झालं! तर पोरगी काय म्हणती, हसून, प्रेमानं, पण म्हणलीच ना… "पप्पा, अंगठ्याला आकडा न्हाई."

लागलं मला ते. आता खोटं काहून बोलू, लागलं.

पण ते सोडा. खरी गोष्ट वेगळीच होती. पुण्याच्या एका कंपनीचं तिला पत्र आल्तं, एक तारखेला हजर व्हा म्हणून. पगार चांगला. आन् तिकडून संभाजीनगरच्या मोना मॅडमचा फोन आल्ता, त्यांची तिथं कॉफीची तीन हॉटेलं, त्या म्हणल्या, मी दोन आठवड्यांनी रविवारी येते, कॉफी पिऊन पाहते, आवडली तर दळलेला माल महिन्याच्या महिन्याला तुमच्याकडून घेते. तर पोरीनं ठरवलं, मॅडमनं माल घेतला तर इथं राहायचं, न्हाई तर पुणं. वंदना म्हणली, जसं तुला वाटंल तसं कर. मीबी म्हणलं, जसं तुला वाटंल तसं कर. तोंडानं म्हणलं हो! आतून मला ती इथं पाहिजे होती. बस. या भिंतीच्या पलीकडं, ब्रश घेऊन बसलेली, "पंखा बंद करा" म्हणून ओरडणारी. पण बापानं हे कसं बोलावं? बोललो न्हाई.

त्यात मध्येच आलं ते लग्न. अंबडला, माझ्या साडूच्या पुतण्याचं. बुधवारी. आता बस पकडायची, वंदना तयार होऊन दारात, "चला ना जल्दी, अक्षता पडून जातील," आन् मी आहेराचं पाकीट भरून राह्यलो तर पाचशेची नोट आहे, वरचा रुपया न्हाई! आता नुसते पाचशे देतं का कोणी? पाचशे एक पाहिजेत. त्या एका रुपयाबिगर आहेर म्हणजे पाहुण्याला नुसता कोरडा नमस्कार… जाऊ द्या. गल्ल्याला वंदनानं कुलूप लावून किल्ली बॅगेत टाकलेली, बॅग ऑटोत. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, भेटला एक रुपया, घातला पाकिटात, पळालो. जेवण चांगलं होतं. मठ्ठा जरा पातळ होता. बाकी लग्न झकास झालं.

आन् तुम्हाला सांगतो, त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून पोरीची कॉफी बिघडली! बिलकुल बिघडली. पांचट. पाणी. कापड दुकानातली पोरं अर्धा कप ठेवून जाऊ लागली, त्यातला एक जण तर म्हणला, ताई, आज चहा भेटंल का? सकाळच्या फोटोवरून तिनं जरा जाड केलीच होती, तरी परत फोटो काढला. मोबाईल म्हणतो, दाणे अजूनबी बारीक आहेत. तिनं जाड दळली. कॉफी अजून पांचट. पण मोबाईल म्हणतो, आता बराबर, साडेसातशे! मी अंगठ्यावर घेतली. म्हणलं, पोरी, ही जाड आहे, लापशी व्हईल हिची. "पप्पा, फोटोत बराबर आहे." अगं, जिभेला विचार! "पप्पा, जीभ फसवती, फोटो न्हाई फसवत." मंग तिनं पाणी बदललं, बिया बदलल्या, माझे पिठाचे डबे बदलले, दहा दिवस नुसतं तेच… पंखा बंद करा, फोटो काढायचाय. पंखा बंद करा, फोटो काढायचाय. माझ्या अंगावर घामोळ्या उठल्या, इथं मानेवर, अजून दिसती पाहा.

मंग आला शनिवार. दुसऱ्या दिवशी मोना मॅडम येणार. दुपारी भगवतीदेवी आल्या बाजरी घेऊन, पोरगी बिया आणायला गेल्ती, बाई आत कॉफीच्या खोलीत जाऊन बसल्या. समोर कागद, कागदावर रुपया. त्यांनी रुपया उचलला, उलटा केला, पालटा केला आन् एकदम शांत आवाजात म्हणल्या, "मच्छिंद्रभाऊ, हा जुना रुपया आहे ना? नवीन बारका अस्तो. आम्ही हे मोठे अलग काढून ठेवतो आहेराच्या पाकिटाला. दिसायला चांगला दिसतो."

तुम्हाला सांगतो, माझ्या पायाखालची फरशी सरकली. कारण अंबडच्या पाकिटात जो रुपया गेल्ता, तो कुठून घेतल्ता मी? त्याच कागदाच्या बाजूच्या डबीतून! पण मी काय फुकट नेला का? लग्नाहून आलो, गल्ला उघडला, त्यातला एक रुपया काढून बराबर त्या डबीत ठेवला. रुपयाला रुपया! याच्यात कोणाची चोरी झाली? मला काय माहीत सरकारनं एकाच रुपयाचे लहान-मोठे भाऊ काढून ठेवलेत! तिनं मोबाईलला सांगितलेला लहान रुपया, आन् कागदावर बसला मोठा. रुपया मोठा झाला की मोबाईलला बाजूचे दाणे लहान वाटती, मंग पोरगी जाड दळती, मंग कॉफी पांचट. आन् मी, तीस वर्षं अंगठ्याची शेखी मिरवणारा, दोन बोटांत तो रुपया धरून डबीत टाकला, मला तीन मिलिमीटरचा फरक कळला न्हाई.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? पोरीला सांगितलं असतं. मी काय केलं? गल्ला उघडला. मोठा चुकला ना, मंग लहान पाहिजे. आन् लहान पाहिजे तर सगळ्यात लहान घेऊ, म्हणजे चूक होणारच न्हाई! असं शोधून शोधून एकदम बारका, चकचकीत, नवाकोरा रुपया काढला, डबीत ठेवला, मोठा गल्ल्यात टाकला, आन् त्या दिवशी जेवलो व्यवस्थित.

रविवारी सकाळी कॉफी… कडू! जहर! कडुनिंबाचा पाला कुटून दिल्यावाणी. कारण आता उलटं झालं, तिनं मोजलेल्या रुपयापेक्षाबी हा लहान, मोबाईलला दाणे मोठे दिसले, म्हणला, जाड आहे, बारीक कर, बारीक कर… पोरीनं केली. काल पाणी, आज काढा. तिनं तो कप ठेवला. रडली असती तर मी काही तरी बोललो असतो. रडली न्हाई. ब्रश धुतला, पुसला, बाजूला ठेवला आन् म्हणली, "पप्पा, मला जमत न्हाई हे. मॅडम येऊन गेल्या की पुण्याला फोन करून टाकते."

आन् तेवढ्यात दारात गाडी. मोना मॅडम! अकराचा टाइम दिलेला, साडेदहाला हजर. बाई मोठी नीट बोलणारी हो, म्हणल्या, घाई न्हाई, पण बारापर्यंत मला निघावं लागंल. पोरीनं एकदा माझ्याकडं पाहिलं आन् म्हणली, शेवटचा एक फोटो काढते. कागद. चिमूट. ब्रश. मोना मॅडम खुर्चीवर, मी भिंतीला, वंदना दारात. गिरणी बंद. "पप्पा, पंखा बंद करा." केला. सगळ्यांचे श्वास बंद. मोबाईल वर टांगलेला, तिचं बोट बटनाजवळ गेलेलं, आन् त्या कागदावर, सगळ्यांच्या समोर, तो माझा चकचकीत रुपया बसलेला, माझ्याकडंच पाहून राह्यलेला…

मी म्हणलं, "प्रिया, रुपया मी बदलला."

झालं! कबुली निघाली तोंडातून आन् कॉफी उडाली कागदावरून. सगळी. तीन हजार दोनशे अकरा दाणे मोना मॅडमच्या पांढऱ्या ओढणीवर.

मंग मी सगळं सांगितलं. अंबडचं, पाकिटाचं, मोठ्या रुपयाचं, बारक्या रुपयाचं. मठ्ठ्याचंबी सांगितलं, घाबरल्यावर माणूस काय काय सांगतो. मॅडम ओढणी झटकून राह्यल्या आन् खाली मान घालून हसून राह्यल्या. वंदना म्हणली, एवढ्यासाठी पोरीला दहा दिवस रडवलं? आन् पोरगी… पोरगी मला नुसती बघून राह्यली. आता तुम्ही म्हणाल, रुपया मोजायचा परत, त्यात काय! अहो, पण परत चिमूट, परत ब्रश, परत पाऊण घंटा, परत दळण, आन् मॅडमला बारा वाजता निघायचं. टाइम कुठं होता?

तिनं घड्याळ पाहिलं. पंखा लावला, ग्राइंडर पुसलं. आन् माझ्यापुढं हात केला. "पप्पा, अंगठा द्या."

तुम्हाला सांगतो, तीस वर्षांत एवढा घाम मला पंखा चालू असताना आल्ता का? न्हाई. तिनं दळली, माझ्या अंगठ्यावर ठेवली. मी डोळे मिटले. पहिल्या दिवशीची ती कॉफी आठवली. म्हणलं, बारीक आहे, जाड कर. परत दळली. अजून. परत. अजून थोडी… न्हाई, आता जास्त झाली, जरासं मागं घे. जरासं. बस!

कॉफी झाली. मोना मॅडमनं कप घेतला. एक घोट. दुसरा घोट. मंग त्यांनी कप खाली ठेवला आन् म्हणल्या, "अजून एक मिळंल का?"

वीस किलो, महिन्याला! तीन महिने पाहू म्हणल्या, मंग वाढवू. गाडी गेली तशी पोरीनं पुण्याला फोन लावला आन् सांगितलं, मी येत न्हाई. मी तिकडं तोंड करून ज्वारी चाळून राह्यलो, म्हणजे चाळायचं काही नव्हतं, चाळणी रिकामीच होती… डोळ्यात पीठ गेल्तं म्हणा. गिरणीत जातं.

आता संपलं ना? गोड झालं ना? इथं संपवलं असतं तर बरं झालं असतं. पण ती माझीच पोरगी. संध्याकाळी रुपया नीट मोजला, आकडा बरोबर टाकला, आन् माझ्या अंगठ्याच्या कॉफीचा फोटो काढला. आकडा आला सातशे अठ्ठेचाळीस. मी म्हणलं, बघ! तर म्हणती, "दोननी चुकला पप्पा." दोननी! हजार तुकड्यातले दोन! पण मंग बाजूला येऊन बसली, माझा हात हातात घेतला, मला वाटलं, आता पोरगी काही तरी मायेचं बोलती. तिनं मोजपट्टी काढली आन् माझ्या अंगठ्याचं नख मोजलं. म्हणली, "आजपासून रुपया नको. रुपया कोणीबी आहेरात देऊन येईल. अंगठा कोण नेतंय?"

तेव्हापासून हे असं चाललंय. कागदावर कॉफी, आन् रुपयाच्या जागी माझा अंगठा! रोज. हलवायचा न्हाई. नख तिला विचारल्याशिवाय कापायचं न्हाई. तिनं ब्रश घेतला की गिरणी बंद, तयारी झाली की पंखा बंद, श्वास बंद, आन् मी ओणवा, बोहल्यावरच्या नवरदेवासारखा एक हात पुढं करून. ग्राहक विचारती, मच्छिंद्रभाऊ कुठं आहेत? वंदना सांगती, फोटोत आहेत.

परवा साडूचा फोन आला. त्या पुतण्याच्या बहिणीचं लग्न आहे, शुक्रवारी, अंबडलाच. मी नवा शर्ट काढून ठेवला. तर आतून आवाज, "पप्पा, शुक्रवारी संभाजीनगरचा माल काढायचाय. मम्मी जाईल लग्नाला. तुम्हाला नेता येणार न्हाई." आता बघा, तो रुपया गेला तो गेला, पण निदान लग्नाला तरी जाऊन आला…

"पप्पा! झाली तयारी, या!"

आलो गं, आलो… झुंबरबाई, तेवढा पंखा बंद करा. आन् मेहरबानी करून शिंकू नका.